मुखदर्शन

(शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातला वऱ्हाडी बाज तसाच ठेवला आहे.)



विणेकरी बाबा, चोपदार, टाळकरी-मृदंगी मंडळी, तुळशीवाल्या माय-बहिणींनो, आणि पंगतीची भांडी आवरता आवरता तिकडं आडोशाला थांबून ऐकणाऱ्या पोरांनो, तुम्हीही या, पुढं बसा. तुमच्यासाठीच जास्त बोलायचं आहे.

समितीनं मला दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास सांगायला उभं केलं. पण तो बाबांनी काल इतका चांगला सांगितला, की त्यात भर घालायला माझ्याजवळ काही उरलं नाही. म्हणून मी एका फोटोपासून सुरुवात करतो. स्मरणिकेसाठी घरोघरचे जुने फोटो गोळा केले, त्यात हा सापडला. त्र्याहत्तर सालचा. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात सतरा-अठरा माणसं उभी आहेत, मधोमध वीणा, दोन्ही बाजूला पताका. माझे वडील डावीकडून तिसरे. एवढ्या माणसांत एकही माणूस हसत नाही. माझ्या नातवानं तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "आबा, हे सारे इतके टेंशनमधी काहून आहेत?"

मी त्याला सांगितलं, बापा, तेव्हाचा फोटोवाला 'हलू नका' म्हणायचा. फोटो म्हणजे मोठं काम वाटायचं, दात काढून कोणी उभं राहत नव्हतं. ते खरंच आहे. पण पोराचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

त्र्याहत्तर म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. आपला तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात. मराठवाड्याच्या मानानं आपल्याकडं झळ कमी होती, पण आपली वाट तर मराठवाड्यातूनच जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी जाते, साधारण तीच आपली वाट. रिसोड सोडलं की सेनगाव, मग नरसी, औंढा, परभणी, गंगाखेड. वडील सांगायचे, सेनगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली असत. बाया, म्हातारे, सारेच. दगडाची भुकटी बसून तोंडं पांढरी झालेली, पापण्यासुद्धा पांढऱ्या. दिंडी आली की हातोडी खाली ठेवून पाया पडायला यायचे. वडील म्हणत, "त्यायच्या गालावर दोन ओघळ दिसत. घामाचे होते का डोळ्याचे, आमाले समजे ना." त्या साली आपल्या दिंडीनं वाटेतल्या गावांचं जेवण घेतलं नाही म्हणतात. मिलोच्या लाल भाकरी सोबत होत्या, त्याच खाल्ल्या, त्यातल्याच वाटल्या.

हा झाला कष्टाचा चेहरा. मला बोलायचं आहे ते काळजीच्या चेहऱ्याबद्दल. हे दोन चेहरे आपल्याला सारखेच वाटतात. ते सारखे नाहीत. मी एकदा त्यांत फसलो, आणि ते फसणं फार महागात पडलं. पण तिकडं वळणानं जातो.

कष्टाचा चेहरा लपत नाही, आणि लपवायचं कारणही नाही. सोयाबीन सोंगायला वाकलेली बाई, थ्रेशरवर दिवसभर उभा राहून भुसकटानं माखलेला माणूस, उन्हात रापून चाळिशीतच साठीचा दिसणारा. अमेरिकेत १९३६ साली मंदीच्या काळात डोरोथिया लँग नावाच्या बाईनं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. आईच्या खांद्यावर दोन बाजूंनी लेकरांनी तोंडं लपवलेली, आणि तिची नजर कुठं तरी दूर. जगभर गाजला तो फोटो. बाईचं वय होतं अवघं बत्तीस, फोटोत पन्नाशीची वाटते. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. फोटो काढणारीनं तिचं नाव विचारलं नाही. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते चाळीसेक वर्षांनी, १९७८ च्या सुमाराला. तेव्हा ती म्हातारी म्हणाली की त्या फोटोचा मला काही उपयोग झाला नाही. जगानं तोंड पाहिलं, विचारलं कोणीच नाही. आपल्या जिल्ह्यात २००५-०६ साली पेपरवाले, टीव्हीवाले किती आले, आठवा. ओसरीवर बसलेल्या किती बायांचे फोटो निघाले.

आता काळजी. आपल्या भाषेत तिचे किती शब्द आहेत पाहा. तोंड उतरणं, तोंड सुकणं, तोंडचं पाणी पळणं, कपाळाला आठी पडणं. दारात आलेल्या माणसाला आपली माय पाणी देण्याआधी म्हणायची, "काहून बापू, तोंड सुकलं?" हे विचारणं म्हणजेच निम्मं औषध होतं. मी आरोग्य खात्यात आरोग्यसेवक होतो, गावोगाव फिरून बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, हे माझं काम. आमचे डॉक्टरसाहेब एकदा म्हणाले, तुमच्या म्हाताऱ्या जे करतात तेच डार्विननं १८७२ साली पुस्तकात लिहून ठेवलंय. दुःखात भुवयांची आतली टोकं वर ओढली जातात आणि कपाळाच्या मधोमध सुरकुत्या पडतात. जुन्या डॉक्टरांनी तर दोन भुवयांमधल्या त्या वळीला ग्रीक अक्षराचं नावच देऊन टाकलं, ओमेगा. घोड्याच्या नालेसारखी वळी. मी तेव्हापासून गावात फिरताना माणसांच्या कपाळाकडं पाहायला लागलो. वाटलं, आता आपल्याला चेहरा वाचता येतो. राजेहो, हाच माझा अहंकार.

वारीत चेहरा वाचायला पुस्तक लागत नाही, पाऊस पुरतो. आपली दिंडी निघते ती पेरणीच्या तोंडावर. मृगात पडला तर पेरून निघायचं, नाही पडला तर घरच्यांवर टाकून निघायचं. मग वाट चालायची ती अर्धी पंढरीकडं आणि अर्धी घराकडं तोंड करून. पूर्वी एसटीडीच्या डब्यापुढं रांग लागायची. गंगाखेडला गोदावरीच्या पुलाआधी एक डबा होता, तिथं मी माणसं पाहिली आहेत. आत जाताना एक तोंड, बाहेर येताना दुसरं. "पडला!" म्हणून बाहेर आलेला माणूस टाळ न वाजवताच नाचायचा. आणि "नाही पडला, मोड आलेले करपले" ऐकून आलेला माणूस रांगेत आपल्या जागी उभा राहायचा, टाळ घ्यायचा, आणि त्याचा ठेका एका मात्रेनं चुकायचा. मृदंगी मागं वळून पाहायचा. अनुभवी मृदंगी कोणाला रागवायचे नाहीत, त्यांना माहीत असायचं. चेहऱ्याआधी हात सांगतो, हे मी वारीत शिकलो. दुबार पेरणीची बातमी आधी टाळात येते.

पुढं माझ्या वाचनात आलं, तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची परीक्षा घेतली होती. २०१३ साली ते छापून आलं. तोच शेतकरी, तेच कोड्यासारखे प्रश्न. पीक हातात येण्याआधी, पैशाची ओढाताण असताना त्याला ते जमत नव्हते, आणि पैसा आल्यावर जमले. माणूस तोच, डोकं तेच, फक्त त्यातली निम्मी जागा काळजीनं व्यापलेली. आपण अशा माणसाला म्हणतो, "काय रे, ध्यान कुठी हाये?" ध्यान हिशेबात असतं. बँकेचं किती, कृषी केंद्रावाल्याचं किती, सावकाराचं किती.

आता ते सांगतो जे सांगायला उभा राहिलो.

टाळकऱ्यांच्या ओळीत माझ्या शेजारी जो चालायचा, त्याचं नाव मी इथं घेणार नाही. त्याच्या घरची मंडळी समोर बसली आहेत, त्यांना विचारूनच बोलतोय. साल २००६. पाच एकरापेक्षा थोडी जास्त कोरडवाहू जमीन, आधीची दोन वर्षं नापिकीची. त्या वर्षी दिंडी निघाली तेव्हापासून तो हिशेबात होता. चालता चालता बोटांची पेरं मोजायचा. मुक्कामाला जेवायचा नाही, म्हणायचा पोटात गॅस झाला. रात्री मी उठलो की हा तंबूच्या बाहेर बसलेला. मी विचारलं, "काय झालं भाऊ?" तर म्हणे, "काई नाई, झोप येत नाई." मी माझ्याजवळची पित्ताची गोळी दिली. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस मी, मला एवढंच सुचलं.

१ जुलैला पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात होते. सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आपला वाशिम आलाच, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. दिंडी तेव्हा वाटेवर होती, बातमी चालत्या दिंडीत आली. कोणी म्हणालं व्याज माफ, कोणी म्हणालं कर्ज माफ, ज्याला जे हवं ते त्यानं ऐकलं. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माझ्या जोडीदाराचं तोंड एकदम निवळलं. कपाळावरची आठी गेली. जेवला. पंगतीत वाढायला उभा राहिला. हसला. चहावाल्याचे उधारीचे पैसे देऊन टाकले, कोणाकडून घेतलेली वीस रुपयांची नोटसुद्धा आठवणीनं परत केली. पंढरपुरात दर्शन झालं आणि वाळवंटात त्यानं आपला टाळ माझ्या हातात दिला. जुना पितळी टाळ, त्याच्या वडिलांचा. म्हणाला, "तुमच्याजवळ राहू द्या, तुमचा हात चांगला बसते." मला वाटलं, इठ्ठल पावला. मी घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा, की या वारीनं एक माणूस सुधारला.

श्रावणात तो गेला. त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं.

आता मी जे सांगतो ते नंतर शिकलेलं आहे. आधी शिकलो असतो तर. फार दिवस काळजीनं पोखरलेला माणूस अचानक शांत झाला, आपल्या जीवाभावाच्या वस्तू वाटायला लागला, देणीघेणी मिटवायला लागला, निरोप घेतल्यासारखा बोलायला लागला, तर ते सुधारणं नसूही शकतं. कधी कधी त्यानं आत काही तरी ठरवलेलं असतं, म्हणून ती शांतता. आठी पडलेली असते तोवर माणूस निदान झुंजत तरी असतो. मी कपाळ वाचत होतो, आणि कपाळ साफ झालं म्हणून आनंदलो. त्याचे हात काय करत होते ते मी पाहिलं नाही. टाळ माझ्या हातात पडला तेव्हाही.

लोक म्हणाले, कर्जानं गेला. कर्ज तर होतंच. २००८ ला देशभर कर्जमाफी झाली, पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर. आपल्याकडं कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन कागदावर त्याहून जास्त दिसते आणि पिकते त्याहून कमी. सावकाराचं देणं तर कोणत्याच माफीत बसलं नाही. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द या जिल्ह्यातल्या बायांनी तहसीलच्या पायऱ्यांवर किती वेळा ऐकले. पण हे बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी बोलत राहावं. मी आज फक्त त्या बावीस दिवसांबद्दल बोलतोय, जे तो माझ्या खांद्याला खांदा लावून चालला. ते बावीस दिवस ना सरकारचे होते ना बँकेचे. ते माझे होते.

इथं तुकोबांची गोष्ट आठवते. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, थोरली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटावी अशी दशा. तुकोबा घर सोडून भामनाथच्या डोंगरावर जाऊन बसले. पुढची गोष्ट आपल्याला सर्वांना पाठ आहे, की कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अभंग झाले, गाथा झाली. कीर्तनकार तिथंच रमतात, मीही रमलो. पण परंपरा मधली एक गोष्ट सांगते, ती आपण घाईत ओलांडतो. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत फिरला. कित्येक दिवस. आणि डोंगरावर जाऊन भेटला. कर्जखतांची वाटणी झाली ती त्यानंतर, आणि इंद्रायणीही त्यानंतर. कान्होबा डोंगर चढला नसता तर? आपल्या फडावर इतक्या वर्षांत मी कान्होबांच्या त्या चढण्यावर कोणाचं निरूपण ऐकलं नाही. बाबा, चुकलो असेन तर क्षमा करा.

बाबा हसतायत म्हणजे चुकलो नाही.

तर मग कान्होबा कसं व्हायचं, त्याचं थोडं सांगतो, कारण मला इतकी वर्षं लोक विचारतात. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये 'विश्राम' नावाचं काम झालं. मोठे डॉक्टर कमी, गावातलीच माणसं शिकवून तयार केली. त्यांनी घरोघर जाऊन ऐकायचं, बोलायचं, गरज लागली तर दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. सुरुवातीला मनानं खचलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कोणाकडं मदत मागत होते. दीड वर्षानं सत्तावीस. जीव द्यावासा वाटतो म्हणणारे शंभरात पाच होते, ते निम्म्यावर आले. हे आकडे २०१७ साली डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आले. यात जादू कोणतीच नाही. विचारणारं माणूस दारात आलं, एवढंच.

सरकारचाही 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत आहे, वाशिम त्यात आहे. आशाताई कागद घेऊन घरी येते आणि झोप लागते का, जेवण जातं का, जगण्यात राम वाटतो का, असं विचारते. आपण काय करतो? दारातूनच म्हणतो, "आमच्या घरी सारे मस्त हायेत ताई, पुढं जा." मी तिच्या मागं उभा राहून हे ऐकलेलं आहे. आपल्याला वाटतं, वेडाची यादी करायला आली. तिला बसवा, चहा द्या, आणि खरं सांगा.

आणि आपल्या माणसाच्या तोंडून 'टेंशन', 'उदास वाटते' असं लवकर येत नाही, हे लक्षात ठेवा. तो म्हणतो कमजोरी आहे, अंग ठणकते, डोकं धरते, गॅस झाला. माझ्या जोडीदारानंही तेच सांगितलं होतं आणि मी गोळी दिली होती. बायांचं तर आणखी अवघड. बाईचा चेहरा कोण पाहतं? ती चुलीकडं, म्हणजे आता गॅसकडं, तोंड करून असते. सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्या तोंडाला पदराचा आडोसा असतो. घरचा धनी गेला की चार दिवस सगळं गाव तिच्या तोंडाकडं पाहतं, नंतर कोणीच पाहत नाही. आपल्या दिंडीत तुळस घेऊन पुढं चालणाऱ्यांत अशा माय-बहिणी आहेत. मी त्यांतल्या एकीला विचारलं होतं, वारीत काय बरं वाटतं? ती म्हणाली, "इथी कोणी माह्या कपाळाकडं पायत नाई भाऊ. सारे पायाकडं पायतात." यावर मी काय बोलणार.

पोरांनो, आता तुमच्याकडं वळतो. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा घराघरांत चेहरे कसे फुलले होते! मग २०२४ ला हमीभाव ४,८९२ आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. मी स्वतः भाव येईल म्हणून पोती घरात रचून ठेवली होती, रात्री उठून त्यांच्याकडं पाहत बसायचो. तुम्हाला वर लग्नाची काळजी. शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही, हे काही लपलेलं नाही. पण तुमच्या मोबाइलवरचे फोटो मी पाहतो, सगळ्यांत तुम्ही हसताय. त्र्याहत्तरच्या त्या फोटोत कोणीच हसत नव्हतं, कारण फोटोवाला हलू नका म्हणायचा. आता मोबाइल हसा म्हणतो. दोन्ही चेहऱ्यांवरून आतलं कळत नाही. नातवाला मी आता हे उत्तर दिलं आहे.

पंढरपुरात दर्शनाच्या दोन रांगा असतात, तुम्हाला सांगायला नको. एक पदस्पर्शाची, आषाढीला वीस-वीस तास उभं राहावं लागतं. दुसरी मुखदर्शनाची, लांबून तोंड पाहून निघायचं. २०२४ साली मंदिराच्या जतनाच्या कामासाठी मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श बंद होता, नुसतं मुखदर्शन होतं. तेव्हा लोक कुरकुरत होते, की मुखदर्शनानं समाधान होत नाही, जवळ जायला मिळालं पाहिजे. देवाच्या बाबतीत आपल्याला हे कळतं. दिंडीत आपण उलटं करतो. एकमेकांच्या पाया पडतो, माउली म्हणतो, आणि डोकं वर करेपर्यंत समोरचा पुढं गेलेला असतो. पदस्पर्श होतो, मुखदर्शन राहून जातं.

मी हे बोलल्यावर कोणी म्हणेल, वारीत प्रपंच कशाला आणता, चार दिवस तरी विसरू द्या. माझं म्हणणं वेगळं आहे. घरी माणूस कोणाशी बोलू शकत नाही, भाऊबंद आहेत, देणेकरी आहेत, इज्जत आहे. वारीत बावीस दिवस एकच माणूस शेजारी असतो आणि त्याच्याशी ना बांधाचं भांडण ना पैशाचं. बोलायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

विणेकरी बाबांशी आणि चोपदारांशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे, ती सांगतो आणि बसतो. या वर्षीपासून प्रत्येक मुक्कामाला हरिपाठ झाला की पंगतीआधी ओळीतल्या जोडीदारानं जोडीदाराजवळ बसायचं. पंधरा मिनिटं. उपदेश करायचा नाही, कर्जाचे उपाय सांगायचे नाहीत, 'देव आहे, सगळं ठीक होईल' असं म्हणून तोंड बंद करायचं नाही. विचारायचं आणि ऐकायचं. जीव नकोसा वाटतो का, हेसुद्धा सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर येतो, हे मला डॉक्टरांनी खात्रीनं सांगितलं आहे. आणि तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्या रात्री तर नाहीच, आणि चोपदारांना सांगायचं. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, रात्री-अपरात्री कधीही, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. हा नंबर पुरुषांच्या आणि बायांच्या दोन्ही तंबूंत दोरीला लावायचा. आरोग्य खात्याचा १०४ ही आहे. घरी परतल्यावर श्रावण संपेपर्यंत जोडीदारानं जोडीदाराच्या घरी एक चक्कर मारायची. फोन नाही, चक्कर. फोनवर तोंड दिसत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर पोरं काय करतात ते आत्ताच सांगितलं.

तो टाळ मी पुढच्या वर्षी त्यांच्या घरी परत न्यायला गेलो होतो. त्याच्या घरधनीणीनं तो हातात घेतला, पदरानं पुसला, आणि परत दिला. म्हणाली, "वाजवा भाऊ, घरात ठेवला तं काळा पडते." तेव्हापासून तोच वाजवतो. आता माझा हात थरथरतो, म्हणून या वर्षी तो त्याच्या पोराच्या हातात जाईल. पोरगा इथंच आहे, त्याला ओळीत माझी जागा दिली आहे, मी एक जागा मागं सरकतोय.

उद्या काल्यानंतर जोडीदारांची नावं वहीत लिहायची आहेत. वही चोपदारांकडं आहे. जे एकटे येतात, ज्यांचा जोडीदार आता राहिला नाही, त्यांनी तसं सांगायचं, लाजायचं नाही. पहिलं नाव मी माझंच लिहिलं आहे. माझ्याजवळ बसायला कोण येणार, ते चोपदार ठरवतील.

रामकृष्णहरी.